एका दमाची सुरी

सुरी दातांत धरून जनूमेस्त्री पाण्यात उतरला आणि मी धक्क्यावर बसून तंबाखू मळायला घेतली. आमचं ते ठरलेलंच होतं. चिमूट मळून, चुना लावून, झटकून ओठाखाली जाईपर्यंत मेस्त्री वर यायचा, एका हातात सुरी आणि दुसऱ्यात दोराचा तुकडा. त्या दिवशी तंबाखू मळून झाली, ओठाखाली गेली, पहिली पिंकसुद्धा खाडीत पडली, तरी पाणी नुसतं हिरवं आणि गप्प.

"मेस्त्री!" मी हाक मारली. पाण्याखालच्या माणसाला हाक मारणारा शहाणा त्या किनाऱ्यावर मीच पहिला असेन.

मी कऱ्हाडकडचा. कृष्णेत गुडघाभर पाण्यात उभं राहून तांब्यानं अंघोळ करणारा. पोहणं माझ्या सात पिढ्यांत कुणाला येत नव्हतं. तरी धक्क्यावर पालथा पडलो, हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला आणि हाताला जे लागलं ते धरून ओढलं. लागले होते ते मेस्त्रीचे केस. म्हातारा वर आला तो ओठ जांभळासारखे झालेला, डोळे तारवटलेले. दगडाला धरून दम खात त्यानं पहिली गोष्ट काय केली, तर तुटलेला दोर माझ्या नाकासमोर धरला.

"कापला," तो म्हणाला. "जरा वेळ लागला. पण सुरीचा दोष नाय. माझा."

मग त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबली तेव्हा धक्क्याच्या पायरीवर लाल ठिपका पडलेला होता. त्यानं तो पायानं पुसला आणि मला म्हणाला, "पान खाल्लं होतं."

मेस्त्रीनं जन्मात पान खाल्लेलं नव्हतं. थाप मारणं हा माझा धंदा, त्यामुळे दुसऱ्याची कच्ची थाप मला लगेच ओळखू येते.

वर भट्टीच्या दारात त्याची बायको, गोदावहिनी, आमच्याकडे पाठ करून उभी होती. ती धक्क्यावर कधी येत नसे. मेस्त्री पाण्यात गेला की ती दारात येऊन अशी पाठ करून उभी राही, आणि त्याचं खोकणं ऐकू आलं की आत जाई.

आता ही काय भानगड होती ते सांगतो. काळवी नावाचं खाडीच्या तोंडावरचं गाव. धक्क्याच्या वरच जनार्दन पांचाळाची भट्टी. हा माणूस एकाच जातीची सुरी करायचा, खलाशाची. ट्रकच्या जुन्या पाट्याचं पोलाद, वीतभर पातं, खैराची मूठ. दिसायला अगदी साधी. पण तयार झाली की तिचे जे हाल सुरू होत, ते सासुरवाशिणीचेसुद्धा होत नसतील. आधी शेगड्याच्या लोखंडी जबड्यात पकडून धनुष्यासारखी वाकवायची. मग माळ्यावरून खाली कातळावर टाकायची. मग तिनं खिळा तोडायचा, नारळाची करवंटी फोडायची, आणि त्याच धारेनं दाढीचा केस कापून दाखवायचा. मग एक भरती आणि एक ओहोटी खाऱ्या चिखलात काढायची. एवढ्यातून जगली तर शेवटची परीक्षा. धक्क्याच्या पायथ्याशी एक मोडका नांगर बुडालेला होता. त्याला मनगटाएवढा काथ्याचा दोर बांधलेला. त्याचं दुसरं टोक मेस्त्री स्वतःच्या पायाला गाठ मारून बांधायचा, खाली जायचा आणि एका दमात तो दोर कापून वर यायचा. तेही डाव्या हातानं. मेस्त्री होता उजवा.

जी सुरी दोर कापायची तिच्या मुठीजवळ, जिथं पोलाद मऊ राखलेलं असे तिथं, तो तीन ठिपके ठोकायचा. जी कापत नसे ती ऐरणीवर ठेवून घणानं तिचे तुकडे करायचा. विकायची नाही, कुणाला फुकट द्यायची नाही, घरात भाजीला वापरायची नाही.

एकदा मी म्हणालो, "मेस्त्री, पाण्यात कशाला शिरायचं? दोर बादलीत भिजवा आणि इथं सावलीत बसून कापा की."

"बादलीत दम लागत नाय," तो म्हणाला. 

त्या सुऱ्या मी जत्रेत विकायचो. माझं नाव दिगंबर. पण घाटावर आणि घाटाखाली मला 'थापाड्या दिगू' म्हणूनच ओळखत, आणि मला ते आवडे. फळीवर उभा राहून मी सुरू करायचो:

"मंडळी, ही सुरी देवमाशानं गिळली होती! आत गेली, बघते तर अंधार. कंटाळली बिचारी. शेवटी आतून दार पाडून बाहेर आली! माशानं तक्रार केली नाही, दार हवंच होतं त्याला!"

माणसं हसायची. मग मी सुरीनं खिळा तोडायचो आणि लगेच वर्तमानपत्राच्या कागदाची बारीक चिंधी काढून दाखवायचो. आणि ते तीन ठिपके! शंकराच्या जत्रेत ते त्रिदळ असत, देवीच्या जत्रेत देवीचे तीन डोळे, आणि म्हाताऱ्यांची गर्दी असली की बाप, मुलगा आणि नातू. "तीन पिढ्या पुरेल, बाबा! पणतूनं मात्र नवी घ्यावी, त्याला सवलत देऊ!" मेस्त्री पाण्यात का जातो याचीही माझ्याकडे गोष्ट होती: त्याची पहिली बायको मत्स्यकन्या, तिनं सुरी पसंत केल्याशिवाय तो विकत नाही, आणि पसंत करायला ती वेळ लावते, कारण तीही बायकोच.

अशाच एका जत्रेत हरेश्वर तांडेल नावाचा कोळी गर्दीतून पुढं आला. हसला नाही. फळीवर पाय ठेवला आणि लुंगी गुडघ्यापर्यंत वर केली. घोट्याभोवती दोराचा वळ होता, कडं घातल्यासारखा.

"तुझा देवमासा राहू दे," तो लोकांकडे बघत म्हणाला. "मला जाळ्यानं खाली ओढला होता. कमरेला ही सुरी होती. म्हणून बोलतोय."

त्या दिवशी एकही थाप न मारता माझा सगळा माल गेला. हे मी येऊन मेस्त्रीला सांगितलं तेव्हा तो भाता ओढत होता. त्यानं भाता थांबवला नाही, पण तोंड फिरवलं. मला वाटलं, धुरामुळे.

तर मी त्याला केसांना धरून बाहेर काढला त्या दुपारची गोष्ट. मेस्त्री घोंगडी घेऊन पडला होता. मागल्या दारी गोदावहिनी विळीवर बांगडे चिरत बसली होती. मी पाणी प्यायला गेलो तर म्हणाली, "बसा, भावजी."

मी बसलो. विळीवरून नजर न काढता ती म्हणाली, "जत्रेत थापा मारता म्हणे तुम्ही."

"पोटासाठी, वहिनी."

"चांगल्या मारता?"

"लोक अजून मारायला आलेले नाहीत."

"मग एक माझ्यासाठी मारा."

मला वाटलं, थट्टा करतेय. पण तिचा हात बांगड्याच्या पोटात तसाच थांबलेला.

"सुधाकर होता आमचा," ती म्हणाली. "तुम्ही यायला लागलात त्याच्या आधीची गोष्ट. डावखुरा. लहानपणी मी त्या हातावर किती चापट्या मारल्या, उजव्यानं जेव म्हणून. भट्टीत त्याचं मन लागायचं नाय. पाण्याचं वेड. शेवटी होडीवर खलाशी म्हणून गेला. निघायच्या दिवशी सकाळी म्हणतो, 'बाबा, सगळ्यांकडे सुरी हाय, लोहाराच्या पोराकडे नाय.' ह्यांनी तिथल्या तिथं ठोकून दिली. पात्याला पाणी नीट देऊन झालं नव्हतं, पोलाद अजून कच्चंच होतं. म्हणाले, 'भरती थांबायची नाय. आता घेऊन जा, परत आलास की नीट पाणी देतो.'"

तिनं बांगडा पुरा चिरला, धुतला, बाजूला ठेवला.

"जाळ्याच्या दोरात पाय अडकला. वर काढला तेव्हा पायाला दोर तसाच. हातात सुरी नव्हती. तेव्हापासून ह्यांचं एकच. सुरी मोडली. मी दिलेली सुरी मोडली."

मला मेस्त्रीचा डावा हात आठवला. पायाला बांधलेला दोर आठवला. मत्स्यकन्या आठवली, आणि कुठं बघावं ते कळेना म्हणून बांगड्यांच्या वासानं आलेल्या मांजराकडे बघत बसलो.

"डॉक्टर म्हणाला, आता पाण्यात गेलात तर परत यायचे नाय. हे हसले." ती पहिल्यांदा वर बघून बोलली. "भावजी, कधी कधी मला वाटतं, ह्यांना तेच हवंय. दर खेपेला बघायला जातात, आज तरी सुरी मोडते का."

"मी काय करू, वहिनी?"

"ती सुरी सापडली म्हणून सांगा. कुणाच्या जाळ्यात आली म्हणून. न मोडलेली."

"मेस्त्री ओळखतील. त्यांच्या हाताखालून गेलेलं पोलाद ते काळोखात ओळखतात."

"तुमच्यासारखा खोटारडा मुलखात नाय म्हणतात."

"ते लोक म्हणतात."

"मग लोकांचा शब्द राखा," ती म्हणाली आणि दुसरा बांगडा घेतला.

मेस्त्रीला त्या बुडीनंतर ताप भरला आणि तो बरेच दिवस अंथरुणाला खिळला. तेवढी उसंत मला मिळाली. माझ्या ट्रंकेत एक जुनी सुरी होती. एका खाटकानं वर्षानुवर्षं वापरून, नवी घेताना मला परत दिलेली. पातं झिजलेलं, पण टोक शाबूत. तिला मी चिंचेच्या पाण्यात भिजवली, मिठानं घासली आणि पलीकडच्या खाडीतल्या खाजणात, कमरेएवढ्या चिखलात पुरून ठेवली. दिवाळी झाल्यावर काढली तर माझाच माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मूठ काळीठिक्कर, पात्यावर खवल्यांसारखा गंज, आणि मुठीला चक्क शिंपल्याचं एक पिल्लू चिकटलेलं! देवसुद्धा माझ्या थापेत सामील झाला म्हणायचा. शिंपला मी तसाच ठेवला. फक्त मुठीजवळचा गंज अंगठ्यानं घासून काढला, तीन ठिपके स्वच्छ दिसतील एवढा. मालाची ओळख पटायला नको?

काळवीला पोहोचलो तेव्हा सकाळची ओहोटी होती. मेस्त्री उठला होता. नुसता उठला नव्हता, धक्क्यावर फडक्यावर सुऱ्या ओळीनं मांडून पायाला दोर बांधत बसला होता. खोकत होता आणि गाठ मारत होता.

"आलास?" तो म्हणाला. "बस. तंबाखू मळ."

"मेस्त्री, आज उतरू नका. आधी हे बघा."

मी पिशवीतून सुरी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. वर भट्टीच्या दारात वहिनी आली. आज पाठ केलेली नव्हती.

"कसली ही?"

"पलीकडच्या खाडीतली. डोलजाळं ओढताना चिखलाच्या गोळ्यात आली. ज्याला सापडली त्याला मी ओळखतो. खूण बघून त्यानं माझ्याकडे आणून दिली. म्हणाला, तुमच्या मेस्त्रीच्या हातची दिसते, फार जुनी आहे." मी घसा साफ केला. "सुधाकरची आहे, मेस्त्री."

ते नाव मी त्याच्यासमोर कधी घेतलं नव्हतं. कुणीच घेत नसावं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग सुरीकडे. उचलली. एका बाजूनं पाहिली, उलटी केली, मुठीपासून अंगठा फिरवत आणला. अंगठा मुठीजवळ थांबला. बराच वेळ तिथंच होता. मला वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं. मग त्यानं पातं गुडघ्याला लावून वाकवलं. ते वाकलं आणि सरळ झालं. धक्क्याच्या दगडावर टोक आपटलं, टोक तसंच.

"मोडलेली नाय," तो म्हणाला.

"नाही. टोकसुद्धा शाबूत आहे."

वहिनी पायऱ्या उतरून खाली आली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा पाय त्या धक्क्याला लागत होता. पदराचं टोक तिनं दातांत घट्ट धरलं होतं.

"मोडली नाय," मेस्त्री पुन्हा म्हणाला. "मग त्यानं दोर कापला का नाय?"

याचा मी विचारच केला नव्हता. मी गंजाचा विचार केला, चिखलाचा केला, जाळ्याचा केला, हे मात्र डोक्यातच आलं नव्हतं.

"निसटली असेल," मी म्हणालो.

"मूठ मी बसवली होती. खैराची. ओल्या हातातून निसटायची नाय अशी."

अख्ख्या जत्रेला तासन्‌तास खिळवून ठेवणारा मी. देवमाशाच्या पोटाला दार पाडणारा. आणि आता पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसलो होतो. पाणी धक्क्याच्या दगडाला चुबुक चुबुक करत होतं. मी वहिनीकडे बघितलं, आणि बघितलं नसतं तर बरं झालं असतं. बुडणारा माणूस काठाकडे बघतो तशी ती मेस्त्रीच्या तोंडाकडे बघत होती.

मेस्त्रीनंही तिच्याकडे बघितलं. खूप वेळ.

"थंडीचे दिवस होते ते," मग तो हळूच म्हणाला. "नाय गं? थंडीच होती."

तिनं मान हलवली.

"थंडीत बोटं वळत नाय. मूठ कसली का असेना." तो प्रत्येक शब्द जपून ठेवावा तसा ठेवत होता. "निसटली असेल. तो तरी काय करील? आणि सुरी तरी काय करील?"

अर्धवट राहिलेली माझी थाप त्यानं पुरी केली. मग वाकून पायाची गाठ सोडली. दोर पाण्यात टाकला. सुरी दोन्ही हातांनी उचलून बायकोच्या हातात दिली.

"घे. त्याचीच हाय."

ती तिथंच पायरीवर बसली आणि सुरी उराशी धरून जी रडली, ते रडणं मला इथं लिहिता यायचं नाही. पोर गेल्यापासून ती रडली नव्हती म्हणे. मेस्त्री तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. मी पिशवी उचलली आणि निघालो. एवढी मोठी थाप मी उभ्या जन्मात पचवली नव्हती, आणि खरं सांगतो, छाती जराशी फुगलेली होती.

मेस्त्री पुन्हा पाण्यात उतरला नाही. वहिनीला हवं होतं ते झालं. पण पुढल्या खेपेला माल न्यायला गेलो तर भट्टीत विळ्या होत्या, नांगराचे आकडे होते, दरवाजांच्या बिजागऱ्या होत्या. सुरी एकही नव्हती. फडक्यावर ओळीनं मांडलेल्या त्या सुऱ्यासुद्धा त्यानं पुन्हा तापवून त्यांच्या बिजागऱ्या केल्या होत्या.

"मेस्त्री, बिनपरीक्षेच्याच द्या," मी म्हणालो. "बाकीचं मी बघतो. लोकांना काय कळतंय?"

"पाण्याला कळतं," तो म्हणाला.

हरेश्वर तांडेल स्वतः चालत आला होता. त्याच्या होडीवर नवे खलाशी होते. भट्टीच्या उंबऱ्यावर बसून त्यानं नाना परींनी सांगून बघितलं. "मेस्त्री, पोरं आहेत रे. तुझ्याशिवाय कुणाची सुरी देऊ त्यांच्या हातात?" मेस्त्री ऐकत राहिला, आणि शेवटी त्याला एक विळी बांधून दिली, घरच्या बाईसाठी म्हणून. तांडेल ती विळी काखेत मारून गेला. धक्क्यापर्यंत मागं वळून बघत होता.

मी त्या हंगामात फुगे आणि पिपाण्या विकल्या. थापा त्याच होत्या, पण पिपाणीला कोण देवमासा गिळणार?

पुढल्या खंडेनवमीला मी काळवीला गेलो. भट्टी सारवलेली, ऐरणीला, घणाला, भात्याला हळदकुंकू, झेंडूच्या माळा. मेस्त्री फार वाळला होता. सदऱ्यात माणूस आहे की नुसता सदरा टांगलाय, असं वाटे. पण जिवंत होता. वहिनी मला हाताला धरून आत देवघराशी घेऊन गेली. देवांच्या शेजारी, वेगळ्या पाटावर, लाल फडक्यावर ती सुरी. मुठीला कुंकू, वर एकच पिवळं फूल.

"बघा भावजी," ती हळू आवाजात म्हणाली, "शिंपला अजून हाय मुठीला. मी काढला नाय. इतकी वर्षं समुद्रात होती ना."

मी तिच्याकडे बघितलं. हिनंच मला मागल्या दारी बसवून थाप मागितली होती. मला वाटलं, आता डोळा मिचकावेल. आता हसेल.

तिनं निरांजन उचललं आणि त्या सुरीला ओवाळायला सुरुवात केली. ओवाळताना ती काहीतरी पुटपुटत होती. वाढदिवसाला पोराला ओवाळताना आया पुटपुटतात तसं.

जेवून निघालो तेव्हा मेस्त्री मला सोडायला धक्क्यावर आला. पायऱ्या उतरताना दर पायरीला थांबत होता. मला खाडीपार नेणारी होडी, आमच्याकडे तिला 'तर' म्हणतात, पलीकडून यायची होती. अजून पलीकडच्या काठालाच होती. आम्ही बसलो. मी सवयीनं तंबाखू काढली.

"दिग्या," तो पाण्याकडे बघत म्हणाला, "ते तीन ठिपके म्हणजे काय सांगायचास रे तू जत्रेत?"

"काय नाही सांगितलं ते विचारा. त्रिदळ. देवीचे डोळे. बाप, मुलगा, नातू."

"मला कधी विचारलं नायस."

"गरजच पडली नाही."

तो हसल्यासारखा झाला आणि त्याला खोकला आला. खोकून झाल्यावर म्हणाला, "सुधाकरचं वर्षश्राद्ध होतं. पिंडाला कावळा शिवत नव्हता. लोक खोळंबले होते. मी उठलो, भट्टीतली एक सुरी घेतली, आणि इथं खाली उतरलो. पायाला दोर बांधला, कापला, वर आलो. वर येऊन तिच्यावर तीन ठिपके मारले. घरात आम्ही तिघं होतो म्हणून. ती पयली." त्यानं माझ्याकडे बघितलं. "त्याच्या आधी माझ्या कुठल्याच सुरीवर खूण नव्हती, दिग्या."

तंबाखू माझ्या तळहातावर तशीच राहिली. वारा आला आणि घेऊन गेला.

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच..."

"अंगठा लागला तेव्हाच."

"मग का नाही बोललात? मला लाथ घालायची होती. पाण्यात ढकलायचं होतं!"

त्यानं हनुवटीनं वर घराकडे दाखवलं. "ती खाली आली होती. धक्क्यावर. तिचं तोंड बघितलंस ना तू?"  "मला वाटलं, ही सुरी त्याची नाय हे तिला तरी ठाऊक असेल. आता तिलाही नाय ठाऊक. परवा मला पातं दाखवत होती. म्हणते, बघा, झीज डाव्या हाताची हाय. मी म्हटलं, व्हय गं, डाव्याचीच."

पलीकडे तर सुटली. वल्ह्यांचा आवाज पाण्यावरून यायला लागला.

"तिला सांगू नकोस," मेस्त्री म्हणाला.

"नाही सांगत."

"शपथ नको घेऊ. तुझ्या शपथेला कोण विचारतंय." मग जरा सरकून बसला, पाठ दगडाला टेकली. "तर यायला वेळ हाय. सांग."

"काय सांगू?"

"कुठं सापडली ते. त्या दिवशी घाईत सांगितलंस. पयल्यापासून सांग. जत्रेत सांगतोस तसं."

मला आधी कळेना. मग कळलं. तो वाट बघत होता. म्हणून मी सुरू केलं. पलीकडची खाडी सांगितली, पहाटेचं धुकं सांगितलं, डोलजाळं ओढणारे कोळी सांगितले. जाळं जड लागत होतं ते सांगितलं. देवमासा घातला नाही, मत्स्यकन्या घातली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी अगदी साधी, खरी वाटेल अशी गोष्ट सांगत होतो. मेस्त्रीनं डोळे मिटले होते. डावा हात मांडीवर उघडा ठेवला होता, त्यात कुणी काही देणार असल्यासारखा.

"चिखलाचा गोळा फोडला," मी म्हणालो, "आणि आत..."

"मोडली नव्हती ना?" त्यानं डोळे न उघडता विचारलं.

"नाही, मेस्त्री. टोकसुद्धा शाबूत."

"हां," तो म्हणाला. "पुढं सांग."